दुपारची बेगमी

इब्रीच्या पुढं, डांबर संपतं तिथून अकरा किलोमीटर,
पांढरे कंटेनर, एकशे बावीस.
आत दुपार भरलेली असते.
मी राखणदार. दोनशे दहा रियाल,
ओव्हरटाइम वेगळा.

बॅटरीला पंचवीस अंश लागतात.
सत्तावीस झाले की माझ्या पडद्यावर पिवळं,
तिशीला मस्कतहून फोन.
आमच्या खोलीचा एसी सहा मेपासून नुसता गुरगुरतो,
त्याचं पिवळं कुठंच दिसत नाही.
मुबीन परकार म्हणतो,
पुढचा जन्म लिथियमचा घ्यावा.

आलो तेव्हा पॅनेल उतरवायचो
लग्नातल्या काचसामानासारखं, श्वास धरून.
आता एखादं तडकलं तर जाहिर साहेब बघतही नाही:
काचेपेक्षा ट्रकचं भाडं जास्त.
परवाच्या टेंडरात दिवसाचं युनिट सहा बैसा.
(बैसा म्हणजे आपला पैसाच;
गलबतातून येता येता प चा ब झाला.)
रात्रीचं तेरा. तेही नऊवर येईल म्हणतात.
रात्र स्वस्त होत चाललीय.
रात्रपाळीचा भत्ता आहे तेवढाच आहे.

सहाला सूर्य डोंगराआड.
वायरलेसवर बदरियाचा आवाज: सोडा.
खट्. खट्. पुढच्या ओळीत पुन्हा खट्.
ना धूर, ना घरघर.
आणि तिकडं तीनशे किलोमीटरवर
कुणाच्या भाताखाली, कुणाच्या लिफ्टमध्ये
आजच्या दुपारचे साडेबारा वाजतात.

पालशेतहून सुनेत्राचा फोन. लाइट नाही, डास आहेत,
काय करतोयस?
दुपार वाटतोय, म्हणालो.
म्हणाली, जेवलास का.

बॅटरी दरसाल दोन टक्के थकते, हे करारात आहे.
माझ्या करारात सुटीचे दिवस आहेत.

पहाटे तीनला आकडा दहावर येतो आणि थांबतो.
शहर कितीही मागो, तळातलं काढायचं नाही.
कारण मॅन्युअलात असेल, एक्केचाळिसाव्या पानावर,
मी वाचलेलं नाही.
आई आषाढात सुक्या बोंबलांचा डबा
असाच, तळाशी मूठभर ठेवून झाकायची.
कोणी आलं तर, म्हणायची.
कोणी यायचं नाही.
नारळी पुनवेपर्यंत ती मूठ तिथंच.

मुबीन कंट्रोल रूमच्या रॅकमागे झोपलाय,
यंत्रांच्या वाट्याच्या गारव्यात.
मी नोंदवहीत वेळ घालतो, पुढं लिहितो:
सर्व ठीक.