संभाव्य मतदार

खराडीत सहाव्या मजल्यावर रात्री साडेसातला
ओहायोत सकाळ होते.
हेडफोन लावून मी विचारतो,
यंदा मतदान कराल का?
नक्की, बहुतेक, सांगता येत नाही, नाही.
'बहुतेक' म्हणजे आमच्या पुण्यात 'बघू',
म्हणजे नाही.

शंभरात दोघं फोन उचलतात.
त्यातला एक शिवी देऊन ठेवतो.
उरलेला एक म्हणजे
ओहायो.

विस्कॉन्सिनच्या डोरोथियाबाई मात्र थांबत नाहीत.
गुडघा, मांजर, गेलेला नवरा,
चर्चच्या तळघरातलं मतदान केंद्र, तिथली पाणचट कॉफी.
नक्की, म्हणाल्या. चाळीस वर्षांत चुकवलेलं नाही.
मी 'नक्की'वर टिचकी मारली.
आपण नाही का, निघताना 'येतो' म्हणतो
आणि जातो.

तांबोळी मॅडम मध्यरात्रीनंतर वजनं करतात.
पंचविशीतली पोरं फोन घेत नाहीत,
म्हणून ज्या एकानं घेतला
त्याचं वजन सहा पूर्णांक चार.
डोरोथियाबाई अर्ध्या.
मंडईत असं तोललं तर लोक
तागडीसकट उचलून फेकतील.
मॅडम हसतात. म्हणतात, डुंबरे,
माणसं खोटं बोलत नाहीत रे,
स्वतःबद्दल जरा आशावादी असतात.

निकालाला आमचे तीन टक्के चुकले.
तिकडे टीव्हीवर कुणीतरी आमच्या नावानं बोटं मोडली.
कँटीनचे पोहे नेहमीइतकेच कोरडे होते.

मग आपली निवडणूक आली.
अर्धी सोसायटी आदल्या रात्रीच
गाड्या भरून ताम्हिणीला.
मी राहिलो. मी 'नक्की'तला.
सुट्टी भारताची, शिफ्ट अमेरिकेची,
पहाटे पाचला घरी आलो, स्लिप उशाशी ठेवली:
अनुक्रमांक आठशे बारा, चंदननगरची शाळा, खोली चार.
गजर दुपारी दोनचा.

जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते.
तरी गेलो. चप्पल उलटसुलट.
फाटकावरच्या पोलिसानं घड्याळ दाखवलं,
माझ्याच मनगटावरचं.
परतताना दूधवाल्या बाबरकाकांनी सवयीनं
माझ्या बोटाकडे पाहिलं.
मी हात खिशात घातला
आणि उगाच किल्ली शोधत राहिलो.

आठवड्यानं फोन आला. अनोळखी नंबर.
मी सहसा घेत नाही.
मुलीचा आवाज, त्यामागे आणखी वीसेक आवाज,
एसीची ती घरघर. ओळखली मी.
सर, मतदान केलंत का?

डावी तर्जनी समोरच होती, कपाच्या कानात अडकलेली.
फोनला बोट दिसत नाही.
केलं की, म्हणालो. सकाळीच.
रांग होती, पण केलं.

पलीकडे टिचकी वाजली.
मी विचारलं, माझं वजन किती धराल?

सर, ती म्हणाली,
आम्ही वजन नाही विचारत.