मालकाचं नाव

इथल्या बोलीत सरोवराला नाम म्हणतात.
एवढं अफाट नाम,
आणि काठावरच्या एकाही बाईचं नाव
होडीच्या फळीवर नव्हतं.

बाई चढली की जाळं रुसतं म्हणे.
जाळं असं कधी म्हणालं नव्हतं.

आडेरो वीस वर्षं पहाटे
गुडघाभर पाण्यात उभी राहिली, घमेलं घेऊन.
कंदील विझवत होड्या यायच्या,
तळाशी ओमेना, करंगळीहून बारीक,
डोळ्यांसकट, काट्यांसकट खायची मासळी.
भावाच्या पाटीवर एक आकडा.
दुसरा भाव पाटीवर नसतो,
तो होडीवाला कानाशी येऊन सांगतो.
नवरा गेल्यावर तिला तो
चुकवता आला नाही,
चुकता करावा लागला.
यापुढे ती बोलत नाही.
घमेल्याचा काठ पदर नसलेल्या हातानं पुसत राहते.

मग नातवाचे, ओपोन्दोचे, केस तांबूस पडू लागले.
दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं, काय खातो?
मक्याची उगाली.
आणि?
उगाली.
आणि तू विकतेस काय?
आडेरोला किसुमूचा ट्रक आठवला,
पोती भरभरून सुकट नेणारा,
कोंबड्यांच्या खाद्यासाठी.

त्याच साली नाम उठून घरात आलं.
चूल गेली, शाळेची पायरी गेली,
मासे वाळवायची वाळू गेली.
पेनिनाच्या मक्यात पाणघोडा चरत होता.
पाऊसही हल्ली महिना बघून येत नाही,
अर्धं वाळलेलं एका सरीत नासायचं.

रिस्परच्या आंब्याखाली बारा जणी बसल्या.
पेनिना म्हणाली, आधी मचाण बांधू,
कमरेएवढं,
वर जुनी मच्छरदाणी ताणून,
ढग आले की ताडपत्री.
आणि ट्रक यायच्या आधी
एकेक डबा आपापल्या घरी.
कुटून पेजेत घालायचा. पोरांना विचारायचं नाही.

होडीला साडेतीन वर्षं लागली.
दर गुरुवारी पत्र्याच्या डब्यात पैसे.
एकदा रिस्परच्या दिरानं डबाच पळवला.
पुन्हा शून्यापासून गुरुवार.

वहीवाल्या ओम्बुरानं रकाना दाखवला,
मालकाचं नाव.
रकाना एका नावापुरता.
आडेरोनं बारा लिहिली,
शेवटची चार समासात, तिरपी,
एक तर शेजारच्या माणसाच्या होडीत शिरलेलं.
ओम्बुरा कुरकुरला. शिक्का मारला.

आजही ती पहाटे पाण्यात उभी असते,
रिकामं घमेलं घेऊन. सवय.
होडी टेकते.
जाळेवाला विचारतो, कुठं ओतू?
हा प्रश्न तिला अजून नवा आहे,
उत्तर द्यायला ती जरा वेळ घेते.

मागे एक पोरगी, नवीनच आलेली,
हातात डबा, नजर वाळूत,
कुणीतरी कानाशी येऊन बोलेल म्हणून
मान आधीच थोडी कललेली.

आडेरो तिच्याजवळ जाते.
पाटीकडे बोट करते
आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणते,
वाच.