फिकी रेघ

मगदूम म्हणाले, दुधाळीतल्या साइटचं चित्र,
गॅलरीतून रंकाळा दिसू दे.
मधे कोपार्डेंची तीन मजली हाय की.
मग पूस. काम्प्युटरच न्हवं?

गेल्या साली पुसली होती एक,
राजारामपुरीत, रात्री दीड वाजता.
चाव्या मिळाल्यावर बाईंचा फोन आला:
तळं कुठल्या खिडकीत आहे, जरा सांगता?

तेव्हापासून खिळ्याला हा कागद.
ऊन उत्तरेकडनं येणार नाही.
रोप लावाल तेवढंच झाड.
डीपी जिथं, तिथंच डीपी.
आणि पंचगंगा चढली होती तिथवर, भिंतीवर, एक रेघ.

मगदूम बोट ठेवून वाचतात.
चहावर साय धरते.
बाकी चालंल, म्हणतात,
रेघ तेवढी फिकी काढ.

फिकी म्हणजे किती,
ते कागदात लिहायचं राहिलंय.