सतरा नंबरचा कान

मे महिन्यात नागपुरात उंदीरच तेवढे सुखी.
बाहेर सेहेचाळीस, डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि प्राणिगृहात बावीस अंश, रात्रंदिवस,
जनरेटरला वेगळं डिझेल.
सोनकुसरेकाका म्हणतात, "पुढचा जन्म इथंच पायजे, मॅडम."
मग पिंजऱ्यांकडे बघतात.
"नको."

सोमवारी आणि गुरुवारी मी गाठी मोजते.
कॅलिपरच्या चिमटीत
तूर, वाटाणा, बोर.
वहीत मात्र मिलिमीटर.

काका पूर्वी तांडापेठेत माग चालवायचे.
माग विकला, बोटं उरली.
ती आता भुसा बदलतात, बाटल्या भरतात,
उंदराला ओंजळीत असं घेतात
की उचललंय हे त्याला कळत नाही.

एकदा त्यांना सूक्ष्मदर्शकातून गाठ दाखवली:
बारीक लाल वाहिन्या, चहूकडून ओढून आणलेल्या.
बराच वेळ डोळा लावून होते.
"इथं कोणीतरी ताणा लावून राहिला," म्हणाले.
"आपोआप नाही होत हे. हात लागते."

हात कुणाचा, ते सांगताना मलाच ओशाळल्यागत झालं.
आपल्याच पेशी, काका. भक्षक पेशी.
जंतू गिळणाऱ्या, मेलेलं उचलणाऱ्या,
जखम दिसली की धावत जाऊन सांधणाऱ्या.
गाठ त्यांना जखमेच्या आवाजात हाक मारते.
त्या येतात, सूत सोडतात, रक्ताला वाट करून देतात,
आणि मारायला आलेल्या दुसऱ्या पेशींना
दारातच सांगतात,
इथं काही नाही, जा.

"म्हणजे फितूर?"
नाही हो. कामसू.
काका हसले नाहीत.
"मागावर बसल्या माणसाले
कापड कोणाच्या अंगावर जाणार, कोण सांगते?"

नव्या तुकडीतल्या अर्ध्या उंदरांत
त्या पेशी आम्ही औषधानं संपवल्या.
तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या गाठी ज्वारीएवढ्याच.
मी आलेख काढला, दोन रेषा फाकत गेल्या,
सरांनी सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले.

काका तेवढे आले नाहीत.
सतरा नंबरला तळहातावर घेऊन उभे होते.
"याचा कान पहा ना."
ओळखीसाठी पाडलेली खाच.
बाकीच्यांची कड कधीच सुकलेली,
याची अजून ओली, लाल,
काल कातरल्यासारखी.

गाठ पाहिली मी. ज्वारीच होती.
कान पाहिला.
पुन्हा गाठ.

वहीत एक नवा रकाना आखला,
पट्टी नव्हती, रेघ वाकडी आली.
काकांच्या अंगठ्यावर
गेल्या महिन्यात पिंजऱ्याच्या झाकणानं पाडलेली चीर
आता नुसती पांढरी रेघ होती.
सतरा नंबर तिला नाक लावून
हुंगत होता, हुंगत होता,
आणि काकांनी हात जराही हलवला नाही.