अडतीस ब्लाउज

डॉक्टर टिल्लू म्हणाले, पायडल मारा, रोज वीस मिनिटं.
मी हसले. त्यांना वाटलं, गुडघा बरा आहे.

नेरूळच्या या सिडकोच्या खोलीत
तेवीस वर्षं पायडलच तर मारलं.
किराणा, ऋजुताची फी, सोसायटीचा मेंटेनन्स,
सगळं त्या लोखंडी जाळीवर पाय ठेवून ओढत आणलं
आणि मी खिडकीपासून एक इंच सरकले नाही.
मग मशीनला मोटर बसवली.
आता अंगठ्याने नुसतं दाबायचं, टाके धावतात.
पाय बसून राहिले. गुडघा बोलायला लागला.

ऋजुता फोनवर म्हणते, आई, नवी घे, पैसे मी देते.
म्हटलं, आधी जुनी बघू.
घरात आलेली सायकल कुठे संपते ते पाहिलंय मी:
तिसऱ्या मजल्यावर डिंगणकरांकडे
तिच्यावर ओले टॉवेल, एक छत्री
आणि जावयाचं हेल्मेट.

जुनी मिळाली सीवूड्सला. साडेनऊ हजार.
रिक्षात बसल्या बसल्या भाग दिला.
साध्या ब्लाउजचे अडीचशे, म्हणजे अडतीस ब्लाउज.
अस्तराचे धरले तर एकवीस, वर पन्नास सुटे,
पण अस्तराचं काम लग्नसराईशिवाय येतं कुठे.
आणि अडतीस ब्लाउज म्हणजे अडतीस पाठी,
त्यातल्या निम्म्या तरी परत येणार,
‘ताई, मुंढ्यात काचतंय’ म्हणत.

वर्गीसबाईंनी दार उघडलं. सायकल बाल्कनीत,
सीटवरचं प्लास्टिक तसंच.
माझ्या गळ्यात टेप राहिली होती, सवयीने.
लांबी छत्तीस. रुंदी वीस.
त्या बघत राहिल्या.
मी म्हटलं, माप घेतल्याशिवाय मी कुणाला घरात घेत नाही.

छोट्या पडद्यावर आकडा होता: अकरा किलोमीटर.
दोन वर्षांत?
नवरा मस्कतला गेला, म्हणाल्या.
मी मनातच चालवून पाहिली.
नेरूळहून निघाली असती तर घणसोलीला दमली असती.
किलोमीटरमागे काय पडलं, ते विचारलं नाही.
बाई बरी होती, चहा ठेवला होता.

बसून बघा, म्हणाल्या.

हे सांगायचं राहिलं, मला सायकल येत नाही.
संगमेश्वरला दादाची हिरवी सायकल होती,
मला ती पुसायला मिळायची.
रविवारी, खोबरेलाचा बोळा घेऊन, एकेक तार.
दोनदा दांड्याखालून पाय घालून पाहिला.
तिसऱ्यांदा आईने पाहिलं.
चेनमध्ये परकर फाटला त्याचा आवाज
मला ऐकूही आला नाही, एवढी ती ओरडली.

पदर खोचला. चढले.
ही पडत नाही. पडायला तिला जागाच नाही.
तरी पहिल्या फेरीला हँडल असं आवळलं
की मागून कुणीतरी आत्ताच हात सोडलाय.
समोर पाम बीचवर गाड्या पळत होत्या,
मी त्यांना काटकोनात.
गुडघ्यात कळ आली, कुठेतरी गेली, परत आली.
उतरले तेव्हा आकडा: अकरा पूर्णांक चार.

घरी मशीनची जागा मोजली. चौतीस.
दोन इंच कमी. कपड्यात दाब ठेवते मी,
भिंतीत कुणी ठेवला नाही.
फ्रिज सरकवू म्हटलं, तर सुहास म्हणतो, वायर पुरत नाही.
मशीनच काढून टाक, ऋजुता म्हणते.
मोटरसकट तीन हजार येतील.
बारा ब्लाउज वजा.
मी फोन ठेवला.

गुरुवारी कळवते म्हटलंय. आज बुधवार.
खणातून चामड्याचा जुना पट्टा काढला,
चाकावर चढवला, मोटरची पिन उपसली.
वीस मिनिटं. घड्याळ लावून.
तेवढ्यात एक बाही लागली, जरा वाकडी,
आणि गुडघा तेच बोलला जे तिकडे बोलला होता.
फुकटात.

पण ते चारशे मीटर
अजून वर्गीसबाईंच्या बाल्कनीत आहेत,
त्यांच्या नवऱ्याच्या खात्यावर.