बत्तीस कामगार

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, जिथं आधी सुताचे गठ्ठे असायचे
त्या खोलीत आता सर्व्हर आहे.
नवा. शेठनी मोठाच घेतला, एकदाच काय तो म्हणून.
बाहेर चव्वेचाळीस, आत एसी खोकतोय,
आणि पडद्यावरची रेघ
जिना चढून गेलेल्या पोरीसारखी
खाली यायचं नावच घेत नाही.

चौसष्ट जीबी. त्यातले एकसष्ट भरलेले.
सॉफ्टवेअर तयार मिळालेलं, सीलबंद,
आत डोकावायची सोय नाही,
कंपनीच्या फोनवर नुसती सनई.
जुन्या मशीनवर याचं आठात भागायचं.

रीस्टार्ट केलं की उतरतं,
चहा होईस्तोवर पुन्हा तिथंच.
गळती म्हणावी, तर गळती थेंबाथेंबानं होते;
हा तर पंगतीत आल्याआल्या
सगळी पानं अडवून बसलेला.
मी लॉग वाचले, कॅश रिकामी केली,
डेटाबेसवर आळ घेतला, दोन दिवस त्याला छळलं.
तो निर्दोष निघाला.

कोंडय्या जॉबर गारव्याला म्हणून आत आला.
मागाच्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस.
घाम पुसत म्हणाला,
"ह्याच्यावर माणसं किती लावलीत, ताई?"
मी हसले.
मग मोजले.

बत्तीस.
नव्या मशीनला बत्तीस कोअर, एवढं पाहून
यानं कुणाला न विचारता बत्तीस कामगार उभे केले,
आणि प्रत्येकाच्या काखेत
टॉवेलच्या यच्चयावत डिझाइनची अख्खी वही,
ज्याची त्याची वेगळी.
वर ऑफिसात बिलं करणाऱ्या तिघी:
अनसूयाबाई, राजमणी, आणि कालपरवा लागलेली एक मुलगी.

"आमच्या जुन्या शेठनी असंच केलतं," कोंडय्या म्हणाला.
"माग चोवीस, सूत आठाचं.
बाकीचे भिंतीला टेकून. पगार चालू."

सेटिंगच्या फायलीत, एकशे बाराव्या ओळीत होतं: ऑटो.
मी लिहिलं: चार.
रेघ नऊवर आली आणि तिथं बसली.
शेठनी विचारलं, मग एवढं मोठं मशीन घेतलं कशाला?
मी एसीचा आवाज ऐकत राहिले.

रात्री घरून पुन्हा पाहिलं. सपाट.
नाही, अगदी सपाट नाही.
जेवणापासून आत्तापर्यंत बारा एमबी वर.
वहीत तारीख घालून टिपून ठेवलं.
ही मात्र गळती असेल.
थेंबाथेंबानं.