उदासीन

छाणीच्या पुढे, सांडपाण्याच्या प्लांटवर
माझी रात्रपाळी.
अडीच वाजता टँकर आला. हसमुखभाईंच्या हातात चलन,
चलनावर टाइप केलेलं: पीएच सात.

मी पट्टी बुडवली.
ती लाल झाली,
क्षणभरसुद्धा विचार न करता.

"बेन, सात लखी नाखो ने," हसमुखभाई म्हणाले.
मला शेठनी सांगितलंय.
शेठना फोनवर कुणी सांगितलं होतं,
त्या कुणाला आणखी वरच्या कुणी.
आणि माझ्या फोनवर सुर्वेसाहेब, झोपेतून:
"आपण चुना टाकणारच ना? मग शेवटी सातच की."

बहुवारिक असंच बनतं.
एकच कडी, तीच, तीच, पुन्हा तीच,
हजारो वेळा हातात हात.
टँकरवरचा तो निळा कॅन बघा,
आम्ल त्याच्या पोटात बसून राहतं
आणि त्याला ओरखडाही येत नाही.

दांडिया बाजारच्या शाळेत, आठवीत,
फणसेबाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
आम्ल नाही, आम्लारी नाही, ते उदासीन.
मी विचारलं, बाई, पाण्याला कसलं दुःख?
वर्ग खो खो हसला.
बाईंनी हळदीचं बोट कागदावर ओढलं,
त्यावर चुन्याची निवळी. लालभडक.
"तुमच्या आज्या कुंकू असंच करायच्या."
मग लिंबू पिळलं, परत पिवळं.
प्रश्नाचं उत्तर मात्र
त्या तासाला राहूनच गेलं.

सुर्वेसाहेब चुकत नाहीत तसे.
चुना पडला की सात होईलही,
पण ते दोघं भांडून जे उरेल ते मीठच,
आणि ते जाणार नदीकडेच.
मी रजिस्टर उघडलं. दोन पूर्णांक एक.

तेवढ्यात झडप लावताना
हसमुखभाईंची बाही भिजली.
"कई नथी," म्हणाले, आणि डोळे मिटले.
कोपऱ्यात चुन्याची पोती होतीच,
कुणीतरी मूठ भरून धावलाही.
मी ओरडले, नको, कातडीवर चुना नको,
तो वेगळा जाळतो.
बाही कापली. हात नळाखाली धरला.

वीस मिनिटं.
घड्याळ बघत उभं राहायचं,
दुसरं काहीच करायचं नाही.
ते बायकोबद्दल बोलले, दाहोदच्या मक्याबद्दल,
मग गप्प झाले.
पाणी वाहत होतं, कुणाचीही बाजू न घेता
आणि तरी
त्या एका हातावरून हलत नव्हतं.

नंतर सही करायला ओल्या बोटांनी पेन धरलं,
तर एकाची शाई पसरली.
दोन तेवढा
स्वच्छ दिसत होता.